केस गळतायत की तुटतायत? आधी ते बघा, मग तेल करा

कंगव्यातले केस गुंडाळी करून फेकण्याआधी त्यातले दहा-बारा पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात त्यांची टोकं बघा. टोकाला खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसला, तर तो केस मुळासकट आला. ठिपका नाही, लांबी आखूड आणि टोक फाटलेलं, तर मधेच तुटला. घरच्या उपायांचा खरा गुण तुटणाऱ्या केसांना येतो. रोज 50 ते 100 केस जायचेच. चार दिवसांनी न्हालात तर मोरीच्या जाळीत जास्त दिसणार, घाबरू नका.

तुटणाऱ्या केसांना माक्याचं तेल लावा. ते बिघडतं बहुधा एकाच कारणानं, पाणी पुरतं आटत नाही. माक्याचा ताजा पाला 150 ग्रॅम आणि जास्वंदीची 10 फुलं वाटीभर पाण्यात वाटा. ताजा माका मिळाला नाही, तर पेठांतल्या काष्ठौषधीच्या दुकानातला वाळलेला 50 ग्रॅम रात्रभर भिजवून घ्या. जाड बुडाच्या कढईत 500 मिली खोबरेल आणि हे वाटण मंद आचेवर ठेवा. कढई निम्मीच भरा, कारण तेल फसफसून वर येतं. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि चरचर. तासाभरात आवाज मंदावतो. मग चमचाभर चोथा काढून, निवल्यावर बोटांत वळा. त्याची वात वळली पाहिजे. ती चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. तडतडली तर आत पाणी आहे, अजून थोडं आटवा. न तडतडता जळली की लगेच गॅस बंद, नाहीतर चोथा काळा पडून तेलाला करपट वास लागतो. निवल्यावर कोरड्या फडक्यातून काचेच्या कोरड्या बाटलीत गाळा. ओला चमचा एकदा जरी बुडाला तरी तेल टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात ते थिजतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

न्हाण्याआधी तासभर दोन चमचे पुरे, तेही केसांच्या लांबीवर जास्त. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, म्हणून ते आधी लावायचं. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका. कोंड्यामागची बुरशी त्याच तेलावर पोसते.

टँकर किंवा बोअरच्या जड पाण्यावर असलेल्या सोसायट्यांत साबणानं केस धुतले की चिकट थर बसतो आणि विंचरताना केस तटातट तुटतात. शिकेकाई-रिठ्याला ही अडचण नाही. मूठभर शिकेकाई, बिया काढलेले 6 रिठे आणि थोडी आवळकाठी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळून गाळा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या. ओले केस विंचरू नका आणि अंबाडा ताणून बांधू नका. या दोन सवयींनी होणारं नुकसान कुठलंच तेल भरून काढत नाही.

कांद्याच्या रसाचं कौतुक फार होतं. त्याचा उपयोग तपासला गेला तो चाईवर, म्हणजे गोल चट्टा पडतो त्यावर, आणि तोही थोड्याच रुग्णांत. रोजच्या गळतीसाठी तो लावून डोक्याची आग करून घेऊ नका. लिंबाचा रसही नको.

कागदावर पांढरे ठिपकेच जास्त दिसले, तर मागचे दोन-तीन महिने आठवा. डेंगी, टायफॉईड, बाळंतपण, कडक डाएट यांनंतर केस झुपक्यानं जातात आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतात. तोवर जेवणात डाळ, अंडी, पालेभाजी वाढवा. भिजवलेले अळीव लिंबू पिळून खा, मात्र गरोदरपणात नको, आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही. गळती थांबत नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-12 आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या.

केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे तीन महिन्यांआधी फरक शोधू नका. पण भांग रुंदावत असेल, रुपयाएवढा चट्टा पडला असेल किंवा डोक्याला खपल्या, पू दिसत असेल, तर तीन महिने थांबायचं नाही. तेल बाजूला ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पुण्यात ससून रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.