पॅरामेडिकलला प्रवेश घेताय? या चुका टाळा

कर्जत लोकलच्या दाराजवळ एक स्टिकर हमखास दिसतो. 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी', खाली मोबाइल नंबर. दर जूनला ओळखीतलं कोणीतरी त्याचा फोटो पाठवून विचारतं, "ताई, मुलीला घालू का इथे?"

नका घालू. २०२१ साली अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी, म्हणजे ज्याला आपण पॅरामेडिकल म्हणतो त्यासाठी, केंद्राचा कायदा आला. त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं आणि किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी ३६०० तास, किमान तीन वर्षं. सहा महिन्यांचं गणित इथेच कोसळतं.

कॉलेज दिसायला मोठं असलं तरी आधी दोन गोष्टी विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि पास झाल्यावर नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे? फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिले जाणारे उपचार) यांची राज्याची वेगळी कौन्सिल आहे. वाचा-श्रवणवाल्यांची, म्हणजे ऑडिओलॉजीवाल्यांची, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. "अ‍ॅफिलिएशन प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं, की चप्पल घाला आणि निघा.

"डॉक्टर व्हायचंच नाही, तर नीट कशाला देऊ?" हेही दरवर्षी ऐकते. महाराष्ट्रात फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी यांचे प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्य सीईटी सेलमार्फत होतात. नीट दिली म्हणजे झालं असंही नाही, सेलकडे वेगळी नोंदणी करावी लागते. त्या फॉर्मची तारीख हुकली आणि वर्ष गेलं, अशी उदाहरणं दरवर्षी दिसतात. (आणि 'मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून' हे पालुपद घरच्यांनी बंद करावं. परळच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली सुरू केलं. ही कुणाची उरलेली सीट नव्हे.)

आता पोस्टिंगकडे, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाकडे येते. खरं नुकसान तिथे होतं, आणि सगळ्यात जास्त रक्त काढताना.

माझीच गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षाला होते. शीर बारीक, लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं. जांभळीत भरपूर होतं. घेतलं थोडं तिच्यातून आणि ओतलं लालमध्ये. कोणी बघत नव्हतं. दुपारी पोटॅशियम आलं १४! एवढ्यावर माणूस जिवंत राहत नाही. सरांनी वॉर्डला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "कोण, बारा नंबर? तो तर चहा पितोय." सरांनी फोन ठेवला, कॅल्शियम बघितलं, ते जवळजवळ शून्य. मग माझ्याकडे वळून इतकंच म्हणाले, "जांभळी ओतलीस ना?"

जांभळ्या ट्यूबमध्ये असतं ईडीटीए, तेही पोटॅशियमचं मीठ. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. त्याचा थेंबभर अंश दुसऱ्या ट्यूबमध्ये गेला तरी पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं पडतं. म्हणूनच ट्यूबचा क्रम ठरलेला आहे: आधी कल्चरची (रक्तात जंतू आहेत का बघण्याची) बाटली, मग निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरायचीच, कारण तिच्यात एक भाग सायट्रेटला (हेही रक्त गोठू देत नाही) नऊ भाग रक्त हे प्रमाण असतं. अर्धी भरली तर गोठण्याची वेळ चुकीची येते. आणि रक्त कमी पडलं तर "कमी पडलं, पुन्हा काढावं लागेल" एवढं सांगायचं. ओरडा बसेल. बसू दे.

दुसरी चूक नावाची. "तुम्ही सुनीताताई ना?" असं विचारलंत, की निम्मे पेशंट मान डोलावतात. आजींना ऐकू येत नसतं, कोणाला तुमची भाषा कळत नसते, कोणी नुसतं घाबरलेलं असतं. "पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि केस पेपरशी ताडायचं. लेबल रक्त काढल्यावर, पलंगाशेजारीच लावायचं. आधी लेबलं चिकटवून ठेवलेल्या सहा ट्यूब खिशात घेऊन फिरलात, तर एक दिवस अदलाबदल होणारच.

रेडिओलॉजीवाल्यांनी टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) छातीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत लावायचा. काम संपल्यावर अ‍ॅप्रनसकट तो एक्स-रे रूममध्ये टांगून जाऊ नका. तुम्ही घरी झोपलेले आणि बॅज मात्र डोस मोजत बसलेला. मित्राचा बॅज तर कधीच लावू नका.

लॉगबुक (रोज केलेल्या कामाची नोंदवही) त्याच दिवशी लिहा आणि सही घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सह्यांसाठी मॅडमच्या केबिनबाहेर जी रांग लागते, तिच्यात उभं राहण्यात काही शान नाही. बदलापूर-विरारहून येणाऱ्यांनी पाऊस लागला की एक गाडी आधीची पकडा. वॉर्डमधल्या मामा आणि मावशींशी नीट बोला. सामान कुठे असतं हे त्यांनाच ठाऊक असतं.

सुई टोचली तर लपवू नका. सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती हुशार मुलंच करतात. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि लगेच इन-चार्जना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच, तर शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर उपयोग होत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, निम्म्या सुया तेव्हाच टोचतात असं माझं तरी निरीक्षण आहे. सरळ पांढऱ्या डब्यात टाका.

हेपॅटायटिस बीची लस मात्र पोस्टिंगच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी. तिसरा डोस विसरणारे प्रत्येक बॅचमध्ये सापडतात. विचारलं की म्हणतात, "मॅडम, दोन तर घेतलेत."