कोजागिरी झाली की बॉनेट उघडा

गाडी तापते म्हणून उन्हाळ्यात मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला असेल, तर हिवाळ्याच्या तयारीतलं पहिलं काम तो परत बसवायचं. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण आमच्या दर्यापूरकडच्या कितीतरी जुन्या डिझेल गाड्यांत तो नसतोच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रेडिएटर उकळतो, मिस्त्री थर्मोस्टॅट काढून हातात देतो आणि तेवढ्यापुरतं भागतं. पुढं डिसेंबरात रेडिएटरमधलं गार पाणी पहिल्या मिनिटापासून इंजिनात फिरत राहतं. काटा वर चढत नाही, डिझेल जास्त लागतं आणि हीटर गार हवा फेकतो.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्याच आठवड्यात आईला दम्याचा त्रास वाढला म्हणून पहाटे चारला अमरावतीला निघालो. ती मागच्या सीटवर दोन वाकळा पांघरून बसलेली, हीटरचा नॉब शेवटपर्यंत फिरवलेला. अर्धा रस्ता गेला तरी हवा काही गरम होईना. "काहून रे, हे तं थंडंच फेकून राह्यलं," ती म्हणाली. दोन उन्हाळ्यांपूर्वी थर्मोस्टॅट काढायला मीच होकार दिला होता, हे तेव्हा आठवलं. तेव्हापासून कोजागिरी झाली की मी बॉनेट उघडतोच.

थर्मोस्टॅट आहे की नाही, हे हातानं कळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपवर हात ठेवा. शालीचं टोक, बाही पंख्यापासून दूर ठेवा. बहुतेक गाड्यांत हा पाइप आधी बराच वेळ गार राहतो आणि पाणी साधारण ८० अंशांच्या पुढं गेलं, व्हॉल्व्ह उघडला, की एकदम चटका देतो. तो सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट काढलेला तरी आहे नाहीतर उघडाच अडकलाय. नवा फार महाग नसतो. नवा टाकूनही उन्हाळ्यात गाडी उकळत असेल तर दोष रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंपात शोधा. थर्मोस्टॅटला हात लावू देऊ नका.

मग कूलंट. पूर्णेच्या काठचा आपला खारपाणपट्टा, अकोला-अमरावती-बुलढाण्यातला, इथलं बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, ते रेडिएटरात मात्र बिनदिक्कत ओतलं जातं. त्यातला क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून बघा. पाणी तांबूस, गढूळ असेल तर सगळं काढून, साफ करून, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरा. हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याला त्या गुणाचा उपयोग नाही, पण ते गंज रोखतं आणि उन्हाळ्यात उशिरा उकळतं, म्हणून दोन्ही ऋतूंत कामाचं.

हीटरला दोन पाइप जातात. इंजिन तापल्यावर दोन्हींना हात लावा. एक गरम आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर आत क्षार साचलाय. दोन्ही गार असतील तर उन्हाळ्यात कुणीतरी हीटरचा कॉक बंद केलाय किंवा लाइनच बायपास करून टाकलीय. आपल्याकडे दहा महिने हीटर लागत नाही, त्यामुळे हे सर्रास होतं.

बॅटरीचं थोडक्यात. थंडीत ती कमी जोर देते आणि ऑइल घट्ट झाल्यानं स्टार्टरला मात्र जास्त जोर लागतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून घ्या. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून वर पेट्रोलियम जेली लावा.

डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखी पिवळी खूण दिसते. ती विझेपर्यंत थांबा, मगच सेल मारा. दहा सेकंदांत सुरू झाली नाही तर अर्धा मिनिट दम घेऊ द्या. सुरू होऊन पांढरा धूर सोडत थरथरत असेल तर ग्लो प्लग, म्हणजे सुरू करताना इंजिन आतून तापवणारे प्लग, तपासून घ्या.

ट्रॅक्टरवाल्यांनी डिझेलच्या ड्रमकडेही बघावं. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल ३ अंशांपर्यंत वाहतं राहायला हवं. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १५ अंशांची आहे. मे महिन्यात भरून ठेवलेलं डिझेल जानेवारीच्या पहाटे मेण धरून फिल्टर चोंदवू शकतं. जुनं आधी संपवा आणि फिल्टरच्या तळचं पाणी सोडून द्या.

कॅनडा-रशियात रात्रभर इंजिनला विजेचा हीटर जोडून ठेवतात. आपल्याकडे त्याची गरज पडत नाही. रेडिएटरपुढं पोतं बांधायचंही टाळा, कारण पहाटे ८ अंश असले तरी दुपारी २८ होतात आणि पोतं काढायचं राहून जातं. गाडी अर्धा-एक मिनिट चालू ठेवून रेस न करता हळू निघालं की उभ्या गाडीपेक्षा इंजिन लवकर तापतं.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. डिझेलच्या टाकीखाली किंवा इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली पऱ्हाटी-तुराटी पेटवून शेक देऊ नका. आणि दार लावलेल्या शेडमध्ये गाडी चालू ठेवून हीटरच्या उबेला कुणी बसू नका, लेकरांना तर मुळीच बसवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही.

निघताना बॉनेटवर दोन थापा मारा. रात्री उशिरा आलेल्या गाडीचं इंजिन बराच वेळ कोमट असतं, आणि आमचं मांजर हमखास तिथंच पंख्याजवळ झोपलेलं असतं.