कंपनीतली खंडेनवमी फोटोपुरती उरली आहे? या चुका टाळा

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत खंडेनवमीला गेलात तर लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार दिसतील. कामाची हत्यारं पुजायची ही रीत कुठल्या एचआर विभागाने काढलेली नाही. ती कामगार घरून घेऊन आले, म्हणून ती इतकी रुजली. तरीही बऱ्याच कंपन्यांत तिच्यातला जीव वर्षागणिक कमी होतोय. हजेरी पूर्ण असते, फोटो छान येतात, पण माणसं प्रसादाचा बॉक्स घेऊन सरळ बसकडे निघतात. तुमच्याकडे असं होत असेल तर पुढच्यापैकी काहीतरी बिघडलेलं आहे.

त्या दिवशीही टार्गेट तेवढंच

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. माझ्या मते या सणाचा गाभा आरतीपेक्षा आधीच्या साफसफाईत आहे. ऑपरेटर धातूचा कीस काढतो, कूलंटची टाकी उपसतो, कॉटन वेस्टने मशीनचा बेड पुसतो, वर्षभर हात न पोचलेल्या कोपऱ्यात हात घालतो. सैल झालेला बोल्ट, झिजलेला वायपर, बारीकशी तेलगळती त्याला तेव्हाच सापडते. नवा हेल्पर शेजारी उभा असतो, त्याला जुना माणूस मशीनच्या खोडी सांगतो. ही ओळख कुठल्याही ट्रेनिंगमध्ये होत नाही.

आठ तासांच्या शिफ्टमधले दोन तास याला द्यायचे तर टार्गेट पाव हिश्श्याने उतरवायलाच हवं. प्लॅनिंगला निदान आठवडाभर आधी सांगा, म्हणजे डिस्पॅच अडकत नाही. आकडा तोच ठेवून ‘शेवटच्या वीस मिनिटांत आवरा’ म्हटलं की मशीनवर फडका फिरतो, हार चढतो आणि विषय संपतो. साफसफाईत सापडलेले दोष मेन्टेनन्सच्या वहीत लिहून घ्या आणि ते खरंच दुरुस्त करा. लिहून घेतलेलं तसंच पडून राहिलं, तर पुढच्या वर्षी कुणी सांगायला येणार नाही.

बॉक्स कुणाला, कुणाला नाही

पर्मनंटला मोठा बॉक्स, कंत्राटी कामगाराला छोटा, हाउसकीपिंगला उरला तर. एकाच लाइनवर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांना सणाच्या दिवशी त्यांची पायरी दाखवून देण्याचा हा प्रकार मला फार टोचतो. वर्षभरात बांधलेला आपलेपणा त्या पाच मिनिटांत जातो. बॉक्सची यादी पगारपत्रकावरून करू नका, गेटच्या हजेरी रजिस्टरवरून करा. त्यात कंत्राटी, कॅन्टीनचे, सिक्युरिटीचे, बसचे ड्रायव्हर सगळे आपोआप येतात.

थर्ड शिफ्टचंही तेच. पूजा फर्स्ट शिफ्टला होते आणि रात्री येणाऱ्यांना सुकलेली फुलं बघायला मिळतात. साफसफाई प्रत्येक शिफ्टने आपापल्या वेळेत करावी आणि पूजा शिफ्ट बदलताना ठेवावी, म्हणजे निदान दोन शिफ्टची माणसं एकत्र येतात. उरलेल्या शिफ्टसाठी सुपरवायझरने स्वतः थांबून छोटी पूजा करावी.

बोनस म्हणजे भेट नव्हे

बोनस हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के द्यावाच लागतो. तो स्टेजवरून ‘कंपनीकडून दिवाळी भेट’ म्हणून जाहीर केला की कामगार टाळ्या वाजवतात, पण मनात हिशोब बरोबर मांडतात. बोनस पगारासारखा खात्यात जमा करा. भेट द्यायची असेल तर ती वेगळी द्या.

नारळ मशीनवर फोडणं

नारळाचं पाणी स्लाइडवर पडलं की गंज धरतो. कुंकू आणि पाणी कंट्रोल पॅनेलच्या आसपासही नको. पेंट शॉप आणि थिनरच्या स्टोअरमध्ये उदबत्ती, निरांजन अजिबात नको. तिथे फुलं पुरेत. साफसफाईआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली साफ करणाऱ्याच्याच खिशात राहू द्या. नारळ बाहेर दगडावर फोडा.

सक्ती

प्रत्येकाचा धर्म, श्रद्धा वेगळी असते. आरतीला यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि न आलेल्याची नोंद कुठेही होऊ नये. मशीनची सफाई आणि एकत्र जेवण मात्र सगळ्यांचं असू शकतं. म्हणून वेळ आणि पैसा त्या दोन गोष्टींवर जास्त घाला. वर्गणी घेत असाल तर यादी नोटीस बोर्डावर लावू नका.

सगळं एजन्सीकडे सोपवणं

रांगोळी, डेकोरेशन, अँकर सगळं बाहेरून आलं की कामगार प्रेक्षक होतो. प्रत्येक विभागाला थोडे पैसे द्या आणि बाजूला व्हा. जमशेदपूरला दरवर्षी 3 मार्चला, जमशेदजी टाटांच्या जयंतीला, जुबिली पार्कमध्ये रोषणाई होते आणि ती बघायला कामगारांची घरची माणसं, सगळं शहर लोटतं. आपल्याकडे तेवढा खर्च झेपणार नाही, पण दसऱ्याच्या सुमाराला अर्धा दिवस मुलाबाळांना शॉप फ्लोअर दाखवणं झेपतं. ‘हे माझं मशीन’ असं मुलीला सांगणाऱ्या ऑपरेटरला कुठल्याही अँकरची गरज नसते. मशीन बंद ठेवा, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून फिरवा, आणि फिरवायचं काम मॅनेजरने न घेता ऑपरेटरकडे द्या.

नवी प्रथा सुरू करायची असेल तर वर्षाला एकच घ्या आणि तीन वर्षं तरी ती बदलू नका. निवृत्त होणाऱ्या ऑपरेटरने मशीनवर शेवटचा जॉब, म्हणजे शेवटचा पार्ट, काढायचा आणि त्यावर सगळ्या लाइनच्या सह्या घेऊन तो त्यालाच द्यायचा, एवढ्यानेही सुरुवात होते. तो जॉब स्क्रॅपमध्ये दाखवायला क्वालिटीची परवानगी लागेल, ती आधीच घेऊन ठेवा.