हंगेरियन स्थलांतरितांच्या धर्मादाय संस्थेकडे अनुदानाचा अर्ज कसा करावा

अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक झालेल्या हंगेरियन समाजाच्या धर्मादाय संस्था एकीकडे आपल्या शहरातील भाषावर्ग, स्काउट पथके आणि लोकनृत्याचे गट यांना मदत करतात, तर दुसरीकडे मायभूमीतील शाळा, वसतिगृहे व बालगृहे यांच्यासाठी निधी पाठवतात. आपला प्रकल्प यांपैकी कोणत्या बाजूचा आहे हे आधी ठरवावे, कारण पुढची कागदपत्रे त्यावरच अवलंबून असतात.

येथे मायभूमी म्हणजे केवळ आजचा हंगेरी देश नव्हे. १९२० च्या त्रियानोंच्या तहानंतर हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजारी देशांकडे गेला, आणि रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया, दक्षिण स्लोव्हाकिया, युक्रेनमधील ट्रान्सकार्पेथिया व सर्बियातील व्होयव्होदिना येथे हंगेरियन भाषक आजही अल्पसंख्याक म्हणून राहतात. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर सुमारे दोन लाख लोक देशाबाहेर पडले. त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मनात या अल्पसंख्याकांची काळजी खोलवर आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली, पुढे हंगेरियन ह्यूमन राइट्स फाउंडेशन या नावाने ओळखली गेलेली समिती रुमानियातील हंगेरियनांच्या हक्कांसाठीच उभी राहिली होती. म्हणून गावात हंगेरियन माध्यमाचा वर्ग आहे का, त्यात किती मुले आहेत आणि तो बंद पडल्यास पुढची शाळा किती दूर आहे, ही माहिती अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात द्यावी. संस्कृतिरक्षणावरील सर्वसाधारण विधानांपेक्षा तिचे वजन कितीतरी अधिक असते.

सर्वाधिक काळजी हिशेबाची घ्यावी. अमेरिकी संस्थेला परदेशात पैसा देता येतो, परंतु तो कशासाठी खर्च व्हावा हा निर्णय आणि त्यावरील नियंत्रण तिने स्वतःकडे ठेवावे लागते. ती केवळ पैसे पुढे पोचवणारी टपालपेटी ठरल्यास देणगीदारांची करसवलत धोक्यात येते. (अमेरिकेतील महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांनाही हाच कायदा लागू आहे.) कॅनडात २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी संस्थांना थेट अनुदान देण्याची वाट मोकळी झाली, मात्र उत्तरदायित्वाच्या अटींसह. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्र, पदाधिकाऱ्यांची यादी, संस्थेच्या नावाचे बँक खाते आणि बाबवार अंदाजपत्रक अर्जासोबतच जोडावे. रक्कम ल्यू, रिव्निया, दिनार किंवा युरोमध्ये असल्यास डॉलरमधील आकडा, विनिमय दर व त्याची तारीख लिहावी. पैसे हप्त्यांनी घेण्याची तयारी आपणहून दर्शवावी.

हंगेरी सरकारच्या बेथलेन गाबोर निधीकडे त्याच कामासाठी अर्ज केला असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.

अर्ज शक्यतो हंगेरियन व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत द्यावा, कारण अमेरिका-कॅनडात जन्मलेल्या विश्वस्तांना इंग्रजी वाचणे अधिक सोयीचे असू शकते. पहिला हप्ता मिळाल्यावर पावत्यांच्या प्रती, कामाची छायाचित्रे आणि शिल्लक रकमेचा तपशील दुसरा हप्ता मागण्यापूर्वीच पाठवावा.