मोठ्या मंचावर तंबोऱ्याला बसायचं असेल तर

तंबोरा ग्रीनरूममध्ये लागला म्हणजे काम झालं, असं समजू नका. खरी जुळवणी मंचावरच होते. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात बसाल, तर बाहेर थंडी आणि डोक्यावर तापलेले दिवे. त्या उष्णतेने तारा सैलावतात, सूर उतरतो. म्हणून गाण्याआधी पाचेक मिनिटं तंबोरा दिव्यांखाली धरून नुसतं बसा, मग कान लावा.

राग कोणता ते आधी विचारून घ्या. पहिली तार बहुतेकदा पंचमाची, म्हणजे 'प'ची. मालकंसाला ती मध्यमात लावतात, मारवा-पुरियाला निषादात. मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. जोडी आधी जुळवा. दोन्ही छेडल्यावर सूर थरथरत असेल तर अजून फरक आहे. थरथर थांबून एकच तार वाजतेय असं वाटलं की जोडी लागली. वरच्या टोकाची खुंटी पिळून सुराजवळ या, उरलेलं तारेत खाली ओवलेल्या मण्याने करा. मणी खाली सरकवला की सूर चढतो.

मग जिवाळी, म्हणजे तारेला गुंजन देणारा दोरा. घोडीवरचा, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावरचा, हा सुती दोरा तारेखाली केसभर मागेपुढे करत राहा. एका जागी तार एकदम बोलायला लागते, तिथेच थांबा. आता खर्ज एकटा छेडा आणि डोळे मिटून ऐका. त्यातून गंधार आपोआप उमटला पाहिजे. तो कुणीच वाजवलेला नसतो. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि माझ्या गुरू, बाई, एवढंच म्हणाल्या, "हा स्वयंभू गंधार. हा ऐकू आल्याशिवाय मला तंबोरा द्यायचा नाही."

मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने बाकीच्या तीन. तबला द्रुतात, म्हणजे जलद लयीत, गेला तरी तुमची चाल तीच.

एका संमेलनात बाईंचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल ऐन रंगात असताना माझी पंचमाची खुंटी सरकली. घाबरून मी तिथेच खुंटी पिळली आणि तो कण्हणारा सूर माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. बाईंनी मान वळवली नाही, पण त्यांची पाठ ताठरलेली मला दिसली. असं झालं तर ती तार सोडून द्या, तिघी छेडत राहा. शेजारचा तंबोरा सांभाळून घेतो. ख्याल संपला की जुळवा. आता मी घरून निघतानाच खुंट्यांना खडू लावते. पिशवीत तारांचा जादा संच आणि दोरा असतोच.

बसण्याकडेही लक्ष द्या. गायिका हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या, तेव्हा बाईने लोकांसमोर बसून गाणं साधी गोष्ट नव्हती. गायिका गंगूबाई हनगल यांनीही तो मान झगडूनच मिळवला; पुढे त्यांची मुलगी कृष्णा त्यांना गळ्याने साथ करायची. आज आपण ज्या मंचावर निर्धास्त बसतो, तो या बायकांनी मोकळा केलाय. म्हणून पाठ सरळ, मोबाइल घरी, नजर गायिकेच्या पाठीवर. तिचा श्वास तिथे दिसतो.

शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा येणारा समाप्तीचा तुकडा, झाली, टाळ्या सुरू झाल्या, तरी हात चालू ठेवा. गायिकेने हात जोडले की खर्जावर येऊन थांबा.