घाटात रेंज जाते, त्याआधी नकाशा उतरवून घ्या

भोरहून वरंधा घाटाने महाडला जायचंय? मग निघण्याआधी घरच्या वायफायवर गूगल मॅप्स उघडा. प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा, ऑफलाइन नकाशे, मग स्वतःचा नकाशा निवडा. चौकट ताणून भोर आणि महाड दोन्ही आत घ्या. इथेच बहुतेकांची चूक होते: फक्त मुक्कामाचं गाव उतरवतात आणि मधला घाट कोरा राहतो. किती एमबी लागतील ते खाली दिसतं, तेवढी जागा मोकळी ठेवा.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नेटशिवाय पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. म्हणून रेंज असतानाच मार्ग सुरू करा. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक कळत नाही, पावसाळ्यात घाट बंद असला तरी कळणार नाही. ते आधी विचारून घ्या.

गूगल ऑफलाइनमध्ये पायी रस्ता दाखवत नाही. ट्रेकला ऑरगॅनिक मॅप्स हे दुसरं नकाशाचं ॲप बरं, पायवाटाही सापडतात. आयफोनवाल्यांना ॲपलच्या नकाशात ऑफलाइन नकाशा उतरवायची सोय मिळाली ती थेट २०२३ मध्ये, आयओएस १७ सोबत. ॲपलने आयफोनमध्ये आधीपासून असलेला गूगलचा नकाशा २०१२ मध्ये बाहेर काढल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी!