सिंगापूरला येण्याआधी हे बंदर समजून घ्या

मी २००४ साली एका मालवाहतूक कंपनीच्या कागदपत्र विभागात नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि तेव्हापासून जहाजे, कंटेनर आणि त्यांच्यासोबत फिरणारे कागद हेच माझे काम आहे. दरवर्षी नवी मराठी कुटुंबे येतात, ओळखीतून आमच्या घरी जेवायला येतात आणि बोलता बोलता तक्रार करतात की इथे प्रत्येक गोष्टीला नियम आहे. मला ते नियम कधी जाचक वाटले नाहीत, कारण हे शहर बंदर म्हणून वसले आणि आजही बंदर म्हणूनच चालते, हे मला कामामुळे रोज दिसत होते. जिथे दुसऱ्यांचा माल दिवसरात्र येतो आणि जातो, तिथे कागद चोख, वेळ पक्की आणि जागा मोजून वापरलेली असावी लागते. इथले घरभाडे, कर, पाणी आणि शिस्त याच मुळातून आलेली आहे.

नकाशा उघडून मलाक्काची सामुद्रधुनी पाहा. हिंदी महासागरातून चीनकडे जाणारी जहाजे तिच्यातून खाली उतरतात आणि सिंगापूरजवळ फिलिप्स चॅनेलमध्ये ही वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर रुंद उरते. स्टॅम्फर्ड रॅफल्स याने ६ फेब्रुवारी १८१९ रोजी सुलतान हुसेन आणि स्थानिक मलय सरदार तेमेंगाँग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून ईस्ट इंडिया कंपनीसाठी येथे वखार मिळवली, ती या वाटेसाठीच. डच बंदरांत जकात आणि निर्बंध असताना इथे माल करमुक्त ठेवला गेला आणि त्यामुळे चिनी, सुलावेसी बेटावरचे बुगी, अरब व तमिळ व्यापारी काही वर्षांतच इथे येऊन स्थिरावले.

आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते की १८६७ पर्यंत या वसाहतीचा कारभार भारतातील ब्रिटिश सत्तेच्या हाताखाली होता. १८२५ पासून काळ्या पाण्याच्या शिक्षेचे भारतीय कैदी इथे आणले गेले. रस्ते, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि आजचे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान इस्ताना यांच्या बांधकामात त्यांचे श्रम आहेत. इथली दंडसंहिताही भारतीय दंडसंहितेवरूनच घेतलेली आहे. म्हणून ‘आपण इथे कालपरवा आलो’ असे समजून दबून राहण्याचे कारण नाही. आणि लिटिल इंडियात रविवारी जमणाऱ्या जहाजबांधणीच्या व बांधकामाच्या कामगारांकडे पाहून नाक मुरडण्याचे तर अजिबात नाही. आपल्यातली काही सुशिक्षित मंडळी असे वागताना मी पाहिली आहेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. हे शहर ज्यांच्या हातांनी उभे राहिले, त्यांची ओळ या कामगारांपर्यंत सरळ पोहोचते.

आता ज्या चुकीसाठी मुख्यतः हे लिहायला घेतले, त्या चुकीबद्दल. नोकरीची तत्त्वतः मंजुरी देणारे पत्र हाती पडताच मी वीस फुटी कंटेनर भरून घरचे सामान पाठवून दिले. आईचे सागवानी कपाट, देवघर, पितळी भांडी, सगळे त्यात होते. यादीत सामान एका ओळीत ‘घरगुती वापराच्या वस्तू’ असे लिहिले होते. कंटेनर बंदरात उतरला तेव्हा माझे पासचे, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याचे, कार्ड झालेले नव्हते, घराचा पत्ता नव्हता आणि वस्तुनिहाय यादी मागितली गेली ती माझ्याजवळ नव्हती. मोफत दिवस संपले आणि डेमरेज सुरू झाले. भरलेला कंटेनर ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त बंदरात पडून राहिला, तर दर दिवसाला लागणारे शुल्क म्हणजे डेमरेज. कंटेनर बाहेर काढल्यावर रिकामा करून वेळेत परत दिला नाही, तर वेगळे शुल्क लागते, त्याला डिटेन्शन म्हणतात. मला दोन्ही भरावी लागली आणि पहिल्या दोन पगारांतले बहुतेक पैसे त्यात गेले. त्यानंतर जे घर मिळाले ते सामानासकट भाड्याने दिलेले होते, कपाट लिफ्टमध्ये मावले नाही आणि शेवटी ते मला देऊन टाकावे लागले.

म्हणून पुन्हा सांगते: पास हातात आल्याशिवाय आणि घराच्या करारावर सही झाल्याशिवाय सामान पाठवू नका. कंपनी खर्च देत असली तरी पाठवू नका, कारण ती वाहतुकीचा खर्च देते, तुमच्या उशिराचा नव्हे. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घाला आणि प्रत्येक क्रमांकापुढे आतील वस्तू, संख्या व अंदाजे किंमत लिहा. राहण्याचे ठिकाण बदलून येणाऱ्यांना वापरलेल्या घरगुती सामानावर आयातीचा कर माफ होतो, पण त्यासाठी वस्तू किमान तीन महिने तुमच्या वापरात असाव्या लागतात आणि इथे पहिल्यांदा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्या पोहोचाव्या लागतात. नवी कोरी मिक्सरची खोकी त्यात घुसवू नका.

सामानात खसखस ठेवू नका. दिवाळीत अनारशांसाठी सासूबाई प्रेमाने पुडी बांधून देतात, पण सिंगापुरात खसखस प्रतिबंधित आहे आणि तो विषय अमली पदार्थांच्या खात्याकडे जातो. गुटखा, खैनी, जर्दा यांवरही बंदी आहे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणायचे असल्यास आधी परवानगी घ्या.

घराविषयी. १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि १९६१ मध्ये बुकित हो स्वी येथील मोठ्या आगीत हजारो लोक बेघर झाल्यावर सरकारी घरे वेगाने बांधली गेली. आज येथील बहुसंख्य रहिवासी याच घरांत राहतात. ती भाड्याने घेण्यात कमीपणा मानू नका. सरकारी घरासाठी किमान मुदत सहा महिन्यांची आणि खासगी घरासाठी तीन महिन्यांची असते. मलेशियन सोडून इतर परदेशी भाडेकरूंसाठी प्रत्येक सरकारी इमारतीत आणि वस्तीत मर्यादा ठरलेली आहे, तेव्हा सही करण्यापूर्वी ती शिल्लक आहे का, हे घरमालकाकडून तपासून घ्या. करारावर मुद्रांक शुल्क भरा. चार वर्षांपर्यंतच्या करारासाठी ते एकूण भाड्याच्या ०.४ टक्के असते आणि मुद्रांक नसलेला करार न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. दोन वर्षांच्या करारात नोकरी गेल्यास घर सोडता येईल असे कलम, ज्याला इथे डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणतात, आवर्जून घालून घ्या. नोकरी पश्चिमेला जुराँग किंवा टुआसकडे असेल, तर केवळ ओळखीचे मराठी लोक पूर्वेला राहतात म्हणून तिकडे घर घेऊ नका. रोज मेट्रोने बेट ओलांडून थकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

बँक, फोन आणि सिंगपास, म्हणजे सरकारी कामांसाठीची ऑनलाइन ओळख, ही कामे पास मिळाल्यावर सहज होतात.

कायम निवासाचा अर्ज करण्याआधी मात्र नवराबायकोने शांतपणे बसून विचार करा. आईवडिलांच्या अर्जातून मुलाला कायम निवास मिळाला, तर त्याला मोठेपणी दोन वर्षे सक्तीची राष्ट्रीय सेवा, म्हणजे मुख्यतः सैन्यातली सेवा, करावी लागते. त्यामागे कारण आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांचा हा ‘अभेद्य’ तळ जपान्यांपुढे पडला आणि ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून वेगळे व्हावे लागले तेव्हा या छोट्या देशाजवळ पुरेसे सैन्य नव्हते. १९६८ साली ब्रिटिशांनी आपले सैन्य मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला, म्हणजे संरक्षण गेले आणि तळावरच्या हजारो नोकऱ्याही. हा इतिहास इथल्या आजोबांनी स्वतः भोगलेला आहे. फायदे घ्यायचे आणि सेवेची वेळ आली की मुलाला परत पाठवायचे, हा सल्ला आपल्याच लोकांत कुजबुजत दिला जातो. तो मला पटत नाही आणि त्याचे परिणाम मुलाला पुढे भोगावे लागतात.

त्याच अडचणीच्या काळात या शहराने जे धाडस केले, ते माझ्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सेंबावांगचा नौदल तळ जहाजदुरुस्तीचा कारखाना झाला, आणि कंटेनरचा व्यवहार या भागात अजून रुळलेला नसताना जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने तांजोंग पगार येथे कंटेनर टर्मिनल बांधले गेले. २३ जून १९७२ रोजी रॉटरडॅमहून निघालेले ‘निहोन’ हे जहाज सुमारे तीनशे कंटेनर घेऊन तिथे लागले. आज इथे वर्षाला, वीस फुटी मापाने मोजले तर, चार कोटींहून अधिक कंटेनर हाताळले जातात आणि त्यांपैकी बहुतेक सिंगापूरसाठी नसतातच. एका जहाजावरून उतरून ते दुसऱ्यावर चढतात. जहाजांना इंधन पुरवणारे जगातील सर्वांत मोठे बंदरही हेच आहे. मुंबई बंदरातले काम न्हावा शेव्याला कसे सरकले, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना इथला बदल लगेच कळेल. तांजोंग पगार, केपेल आणि ब्रानी येथील टर्मिनल २०२७ पर्यंत हलवायचे ठरले असून सगळे काम हळूहळू टुआसला एकवटत आहे. १ सप्टेंबर २०२२ रोजी औपचारिक उद्घाटन झालेले ते बंदर २०४० च्या दशकात पूर्ण होईल तेव्हा त्याच मापाने त्याची क्षमता वर्षाला साडेसहा कोटी कंटेनरांची असेल. तिथे चालकाविना धावणारी वाहने मी पाहिली आहेत, त्यामुळे बंदराच्या कामात नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी केवळ जुन्या ओळखींवर न विसंबता यंत्रणा आणि संगणकाचे कौशल्य घेऊन यावे.

पहिल्या आठवड्यात खरेदीला जाण्याआधी दोन ठिकाणी जा. एक, एस्प्लनेड पार्कमधील आझाद हिंद सेनेच्या स्मारकाच्या जागी. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा याच शहरात केली होती. दुसरे, संध्याकाळी मुलांना घेऊन ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर. अंधार पडला की क्षितिजावर दिव्यांची दुसरी वस्ती उभी राहिल्यासारखे दिसते. ती सगळी नांगरलेली जहाजे आहेत. कोणी इंधनासाठी थांबले आहे, कोणी खलाशी बदलण्यासाठी, कोणी पुढच्या आदेशाची वाट पाहत. तुमचे सामान येणार असेल, तर तेही अशाच एखाद्या जहाजावरून येईल, आणि तोवर यादी तयार असू द्या.